चिचटोल्याच्या वळणावरचा वाघ

आम्ही नवरा-बायकोने एम-एटी फटफटीवरून जितकी बिनकामाची ठिकाणं पाहिली, तितकी चंद्रपूर-गडचिरोलीत दुसऱ्या कुणी पाहिली नसतील. मी बल्लारपूरला कागद कारखान्यात हजेरी लिहिणारा बाबू. माझ्या बरोबरीची मंडळी लग्नानंतर उटीला जाऊन शाल पांघरलेले फोटो काढून आली. आमची ऐपत पेट्रोलच्या टाकीपुरती. त्यामुळे सत्यशीला पोळ्या, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून घ्यायची, मी मागच्या कॅरिअरला सतरंजी बांधायचो आणि सुट्टी पाहून आम्ही निघायचो. मुक्काम एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात किंवा तिच्या मावस-चुलत गोतावळ्यात.

पाहायचं काय, तर जे नकाशात नाही ते. सागाच्या बुंध्यात अर्धी शिरलेली सायकल. काठी मारली की घंटेसारखा वाजणारा राजुऱ्याकडचा एक खडक. पूल अर्धवट राहिला म्हणून त्याच्यावर भरणारा कोंबड्यांचा बाजार. मनगटात बंद पडलेलं घड्याळ घातलेला मारुती. मी वहीत प्रत्येकाची नोंद करायचो, तारखेसकट, आणि एका दिवसात चार ठिकाणं झाली की मला जग जिंकल्यासारखं वाटायचं. हा माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या घाईनेच केलं.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात आम्ही मूल गावाहून गडचिरोलीकडे निघालो होतो. चिचटोल्याच्या अलीकडे रस्ता जंगलात वळतो. तिथे पुढचा ट्रक हळू झाला, क्लीनर उडी मारून उतरला, पळसाची एक डहाळी मोडली, रस्त्याच्या कडेला फेकली आणि धावत जाऊन पुन्हा चढला. मागून आलेल्या एसटीच्या खिडकीतून दोन-तीन हात निघाले आणि त्यांनीही पाला टाकला. मी गाडी उभी केली. मोहाच्या एका मोठ्या झाडाखाली माणसाच्या उंचीचा डहाळ्यांचा ढीग होता. वरचा पाला हिरवा, खालचा वाळून तपकिरी झालेला, आणि बुडाशी दगड. असलं काही पाहिलं की माझे डोळे लकाकायचे.

ढिगाजवळ एक पस्तिशीचा माणूस मासोळीचं जाळं विणत बसला होता. सडपातळ, खांद्यावर दुपट्टा, बोटं जाळ्यात आणि नजर रस्त्यावर. तो म्हणजे मनसाराम. जातीने ढिवर, चिचटोल्याच्या तलावात मासे धरून पोट भरणारा.

"पाला टाका जी, मंग जा," तो म्हणाला.

आमच्या घराने छप्पन साली देव सोडले. तेव्हा मी जरा ताठूनच विचारलं, "कोणता देव आहे हा?"

"देव नाई जी. माणूस गेलं इथी. मोठ्यानं नेलं." जंगलात वाघाला वाघ म्हणत नाहीत, मोठा म्हणतात. "जिथी मोठ्यानं माणूस नेलं तिथी जाणाऱ्या-येणाऱ्यानं पाला टाकाव लागते. त्याच्याबिगर त्या माणसाले सावली नाई भेटत."

देव नव्हता, म्हणून सत्यशीलेने पटकन एक डहाळी मोडली आणि हलक्या हाताने ढिगावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. मनसारामने जाळं बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"कोण होतं?" मी वही काढत विचारलं.

त्याने ओठांवर बोट ठेवलं. "इथी नाव नाई घेत बाबूजी. इथी नाव घेतलं का ते माणूस हाक ऐकून येते, आन् त्याच्या मागं मोठाही येते. नाल्याच्या पल्याड माहं घर आहे. चला, चहा घेऊ. पाणी ओलांडलं का सांगता येते."

सत्यशीला निघालीच होती. मी घड्याळ पाहिलं. अंधार पडायच्या आत मला पुढच्या गावची दोन तोंडांची बारव गाठायची होती. "पुढच्या खेपेला येतो," मी म्हणालो आणि किक मारली. ती बारव पुढे एकच तोंडाची निघाली, तो भाग वेगळा.

पुढच्या दिवाळीला चंद्रपूरच्या एका साप्ताहिकाने दिवाळी अंक काढला. त्यात माझा लेख आला, 'फटफटीवरची स्वस्त सहल'. मी चार दिवस जमिनीवर नव्हतो. लेखात सायकल होती, खडक होता, मारुती होता. चिचटोल्यावर एक परिच्छेद होता. मनसारामने देव नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. पण 'माणूस गेलं, कोण ते माहीत नाही' या वाक्यात काही मजा येईना. मग मी लिहिलं की चिचटोल्याच्या वळणावर वाघोबाचं जागृत ठाणं आहे, आणि डहाळी न टाकता पुढे जाणाऱ्याची गाडी हटकून बंद पडते असं म्हणतात. असं कुणीही म्हणत नव्हतं. ते मी एका संध्याकाळी चिवडा खाता खाता बनवलं.

सत्यशीलेने लेख वाचला आणि एवढंच विचारलं, "माणूस गेलं म्हणाले होते ना ते?" मी म्हटलं, लिहिताना थोडा मीठमसाला लागतोच.

सत्त्याण्णव साली आम्ही पुन्हा त्या वळणावर थांबलो. ढीग दुप्पट झाला होता, पण त्यात आता नारळाच्या करवंट्या, अगरबत्तीचे पुडे आणि तुटक्या बांगड्या होत्या. वर लाल झेंडा. आणि मोहाच्या खोडावर, चार खिळे ठोकून, प्लॅस्टिकमध्ये घातलेला माझा लेख. माझ्या नावासकट. मला आधी, खरं सांगतो, आनंद झाला.

मनसाराम तिथेच होता. त्याने आम्हाला लगेच ओळखलं, म्हणजे सत्यशीलेला ओळखलं. "बाई आली," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाबूजी, मले वाचता येत नाई. हा कागद लावल्यापासून गाड्या लय थांबून राह्यल्या. लोक नारळ फोडून राह्यले. काय लिवलं आहे त्याच्यात? गावात जो तो वेगळंच सांगते."

मी वाचून दाखवलं. स्वतःचंच लिहिलेलं वाचताना जीभ अडखळावी, अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. 'हटकून बंद पडते' या शब्दांशी त्याने मान वर केली.

"हे तं खोटं आहे," तो म्हणाला.

"ह्यांनीच लिवलं आहे ते," सत्यशीला म्हणाली. तिने मला वाचवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो थोडा वेळ जाळ्याची गाठ चाचपत राहिला आणि म्हणाला, "मंग चला घरी. तवा आले असते तं हे झालंच नसतं."

नाल्याला गुडघाभर पाणी होतं. पाणी ओलांडलं आणि काठावर पाय टेकताच तो म्हणाला, "कुंता." थांबून पुन्हा म्हणाला, "कुंता तिचं नाव. माही बायको." दिवसभर तोंडात धरून ठेवलेलं बाहेर काढावं, तसं ते नाव निघालं.

त्र्याण्णवच्या एप्रिलात ती मोहफुलं वेचायला गेली होती. रोज दोघं मिळून जायची, पण त्या दिवशी त्याने तलावात जाळं टाकलं होतं, म्हणून ती एकटी गेली. मोह वेचायचा तर वाकूनच वेचावा लागतो, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही, असं तो म्हणाला. टोपली अर्धी भरली होती. ती टोपली त्याने अजून ठेवली होती, आढ्याला टांगून. भाग्यश्री तेव्हा चार वर्षांची. आता आठ वर्षांची ती पोर आम्हाला बिनदुधाचा चहा देत होती आणि बाप बोलत असताना चुलीकडे पाहत होती.

पहिली डहाळी त्याने टाकली. मग गावाने. मग एसटीवाल्यांनी, ट्रकवाल्यांनी. "हजारो लोकायनं तिच्यावर पाला टाकला बाबूजी," तो म्हणाला. "वळखीचं ना पाळखीचं. मले लय बरं वाटे. आता तेच लोक हात जोडून राह्यले, पण त्याले. तिले नाई."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुमी लिवू सकता," तो म्हणाला. "तिथी नाव तोंडातून काढता येत नाई. पण लिवलेलं तं चालते. कागद काई हाक नाई मारत. तिचं नाव तेवढं लिवून लावा तिथी. दुसरं मले काई नोको."

एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. मी शब्द दिला.

संपादकाला पत्र पाठवलं, मग स्वतः जाऊन भेटलो. त्यांनी पान मागवलं, माझ्या लेखाची तारीफ केली आणि म्हणाले, दिवाळी अंकातली चूक पुढच्या दिवाळीला दुरुस्त करू. पुढच्या दिवाळीला त्यांनी अंकच काढला नाही. मग मीच जाड पुठ्ठ्यावर लिहिलं, 'येथे कुंता मनसाराम हिला वाघाने नेले, एप्रिल १९९३', आणि मोहाला बांधून आलो. महिन्याने गेलो तर पुठ्ठा नव्हता. माझा लेख मात्र होता. मी तो ओरबाडून काढला. पुढच्या खेपेला त्याची झेरॉक्स होती, आणि ती इतकी उंच लावली होती की माझा हात पोचेना.

दोन हजार साली रस्ता रुंद झाला. ठेकेदाराच्या गाड्या त्या वळणावर दोनदा चिखलात फसल्या, आणि त्याने माझा लेख वाचलेला होता. त्याने नवस केला. काम संपल्यावर ढीग साफ करून पेटवून दिला, सात वर्षांचा पाला एका दुपारी जळाला. बुडाचे दगड वाया जाऊ नयेत म्हणून त्याच दगडांचा ओटा बांधला आणि मूलच्या एका गवंड्याकडून त्याच्यावर सिमेंटचा वाघ बसवून घेतला. गवंड्याने वाघ पाहिलेला नसावा. त्याचा चेहरा कुणीतरी झोपेतून उठवलेल्या मांजरासारखा होता. पाठ मात्र छान रुंद होती. समोर कमान, कमानीवर पाटी, 'जागृत वाघोबा देवस्थान, चिचटोला', आणि मार्कंड्याच्या देवळाला जाणाऱ्या गाड्यांची तिथे थांबायची रीतच पडली. चहाची टपरी आली, नारळवाला आला.

देवस्थानाची कमिटी झाली, अध्यक्ष गुणवंतराव. चिचटोल्यातलं बरं घर, माणूस गोड बोलणारा. मी त्यांच्याकडे गेलो. ओट्याच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एका बाईचं नाव लिहू द्या, असं म्हणालो.

"बसा साहेब," ते म्हणाले. "पण मले सांगा, देवाच्या ओट्यावर देवानं खाल्लेल्या बाईचं नाव कोणी लिवते काय? लोक लेकरं घेऊन येतात. आन् हे ठाणं जागृत आहे हे आमी नाई म्हटलं. पेपरात तुमीच लिवलं ना?"

मी उठून आलो.

त्या दिवशी मनसारामने मला तलावाच्या पाळीवर नेलं आणि म्हणाला, "मलेच शिकवा." मी ओल्या मातीत काडीने मोठ्या अक्षरांत नाव काढलं. जाळं विणणारी बोटं ती. तासाभरात त्याला ते गिरवता येऊ लागलं. आयुष्यात त्याला लिहिता आलेला तो एकच शब्द. वहीचं एक पान फाडून त्यावरही लिहून दिलं. ते त्याने घडी घालून कनवटीला खोचलं.

नंतरचं मला भाग्यश्रीने सांगितलं. पहाटे उठून तो गेरूचा डबा घेऊन जायचा आणि ओट्याच्या मागच्या दगडावर नाव लिहायचा. तीन-चार दिवसांत कमिटीचा माणूस येऊन त्यावर चुना मारायचा. तो पुन्हा लिहायचा. दोन वर्षं हे चाललं. कोण लिहितं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी काही म्हणेना. एवढी माणुसकी होती.

मग तलावाचा ठेका बाहेरच्या सोसायटीकडे गेला आणि चिचटोल्याच्या ढिवरांना स्वतःच्याच तलावात जाळं टाकायची चोरी झाली. काही लोक चंद्रपूरला मजुरीला गेले. मनसारामला पोरगी टाकून जाता येईना. गुणवंतरावांनी त्याला बोलावलं. देवस्थानाला झाडझूड करायला, रंगरंगोटी पाहायला, थांबलेल्या लोकांना माहिती सांगायला माणूस हवा होता. मला वाटतं त्यांनी हे चांगुलपणानेच केलं. मला त्यांचा राग येतो तो त्यामुळेच.

दोन हजार तीनला मी गेलो तेव्हा मनसाराम चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन ओट्याच्या मागच्या बाजूला बसला होता. दगडावर गेरूची अक्षरं फिकट दिसत होती. तो त्यांच्यावर चुना ओढत होता, एक हात, मग दुसरा हात, सावकाश. मला पाहून थांबला नाही.

"आता चुना मीच मारतो बाबूजी," म्हणाला. "दुसऱ्यानं पुसण्यापक्षा बरं."

मी बाजूला बसून राहिलो. तेवढ्यात एक जीप थांबली. नागपूरकडची मंडळी. त्यांनी विचारलं, काय आहे हो हे? मनसाराम उभा राहिला, हात धुतले आणि एका सुरात सांगू लागला. हे वाघोबाचं जागृत ठाणं आहे. पाला न टाकता पुढे जाणाऱ्याची गाडी हटकून बंद पडते. माझेच शब्द, 'हटकून'सकट. त्याच्या बोलीत तो शब्दच नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो ज्या जागेवर असायचा, तिथेच तिचं नाव घ्यायला मनाई होती, आणि तिथेच बसून त्याला माझं खोटं दिवसातून दहा वेळा बोलावं लागायचं.

त्यानंतर चार वर्षं मी त्या रस्त्याने गेलो नाही. सहलीच बंद केल्या. एम-एटी विकली. नोंदींची वही सत्यशीलेने रद्दीत दिली, मी अडवलं नाही. पण रात्री केव्हातरी तो शब्द आठवायचा आणि मी कूस बदलायचो.

दोन हजार सातच्या दिवाळीत मी ठरवलं. पुन्हा पुसता येणार नाही असं काहीतरी करायचं. काळा ऑइल पेंट घेतला, ब्रश घेतला आणि सत्यशीलेला व आमच्या सात वर्षांच्या लेकीला, आचलला, घेऊन एसटीने निघालो. गुणवंतराव काय म्हणतील, कमिटी काय करेल, याची तयारी मनात केली होती. पोलिसांत जा म्हणाले तर तिथेही जायची. पन्नाशीला टेकलेल्या बाबूला एवढं शौर्य खूप झालं.

वळणावर उतरलो. वाघ नुकताच रंगवलेला होता, पिवळाजर्द, पट्टे अगदी रेखीव. मनसारामने ते स्वतः काढले होते, हे सांगायला नको, कारण इतकी बारीक रेघ गवंड्याला येत नव्हती. त्याचे केस पांढरे झाले होते. मी पिशवीतून डबा काढला आणि म्हणालो, "मनसारामभाऊ, आज लिहू. मी लिहितो. अडवणाऱ्याशी मी भांडतो."

त्याने डबा पाहिला. हातात घेतला, झाकणावर अंगठा फिरवला आणि परत माझ्या पिशवीत ठेवला.

"भाग्यश्रीचं जमलं बाबूजी," तो म्हणाला. "मूलचं घर आहे. पोरगा राइस मिलमधी आहे. माणसं चांगली आहेत."

"चांगलं झालं की. पण मग?"

"मोठ्यानं नेलेल्या घरची पोरगी कोणी करत नाई जी. तो त्या घराचा माग सोडत नाई म्हणतात. तीन ठिकाण मोडले त्याच्यापायी." तो वाघाच्या पायाशी पडलेली पानं उचलू लागला. "ह्यायले मी सांगतलं, पोरीची माय तापानं गेली. गावालेही सांगून ठेवलं, बोलू नोका. सारे मानले. सोयरे इथी आले होते. नारळ फोडला त्यायनं. मीच फोडून देल्ला."

सत्यशीलेने पदर तोंडाला लावला. चौदा वर्षं हा माणूस त्या एका नावासाठी झुरला. आता त्याच्याइतकी दुसऱ्या कुणालाच ते लपवायची गरज नव्हती. आणि या सगळ्याच्या मुळाशी मी होतो. एक कप चहा प्यायला मला वेळ झाला नव्हता.

"तुमच्या घरी जायचं का?" मी विचारलं. नाल्यापलीकडे गेलो तर तो निदान नाव तरी घेईल, असं मला वाटलं.

"घरी सोयऱ्यायचे पाहुणे आहेत," तो म्हणाला. "तठीही आता नाई घेत."

आचल मघापासून वाघाभोवती घिरट्या घालत होती. तिला काय ठाऊक? टपरीजवळची दोन पोरं वाघावर बसून फोटो काढून गेली होती, तसा तिलाही हवा होता. "बाबा, मी बसू?" तिने विचारलं. मी नको म्हणणार, तेवढ्यात मनसाराम पुढे झाला. त्याने दुपट्ट्याने वाघाची पाठ पुसली, आचलला काखेत धरून उचललं आणि वर बसवलं. घसरू नये म्हणून तिचा पाय धरून तो बाजूला उभा राहिला.

आचलने खाली वाकून वाघाच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि जरा घाबरली. "हा खाते का?"

"नाई बाई," मनसाराम म्हणाला. "यानं कोणालेच काई नाई केलं."

मग त्याने मला फोटो काढायला सांगितलं. मी काढला.